अडीच हजार पानांचं गणित

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



शाळेत असताना मी या व्यासपीठावर एकदाच चढले होते, तेही झेंडावंदनाच्या दिवशी खडूचा डबा न्यायला. आज संयोजकांनी वीस मिनिटं दिली आहेत. विषयही त्यांनीच दिलाय. पुढच्या वर्षी आपल्या शाळेचा अमृतमहोत्सव आहे, पंचाहत्तर वर्षांच्या सगळ्या तुकड्यांना बोलवायचं आहे, अंदाज अडीच हजार माणसांचा आहे, तर एवढा मोठा कार्यक्रम नीट पार कसा पाडायचा ते सांग, असं ते म्हणाले. तुमच्यात इंजिनियर आहेत, डॉक्टर आहेत, दोघंजण परदेशातून आले आहेत. मी जेवणं घालते. लग्नाची, मुंजीची, बारशाची आणि तेराव्याचीसुद्धा. आधी आईबरोबर, आता अठरा वर्षं स्वतःची. तेव्हा मी जे सांगेन ते चुलीच्या बाजूनं दिसलेलं असेल.

आमच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, पानं मोजतात. आणि पहिला घोळ तिथंच होतो. आपला मराठी माणूस येणार का विचारलं तर नाही म्हणत नाही. तो म्हणतो, ‘बघतो’, ‘जमवतो’, ‘येतोच की रे’. ग्रुपवर अंगठा दाखवतो. या अंगठ्यावर भात शिजवता येत नाही. माझ्या अनुभवानं ‘बघतो’ म्हणजे नाही, ‘जमवतो’ म्हणजे बायको काय म्हणते त्यावर, आणि जो विचारतो की बसस्टँडवरून रिक्षा मिळेल का, तो नक्की येणार. म्हणून मोजणीसाठी ‘येणार का’ हा प्रश्न विचारू नका. ‘किती वाजता पोहोचणार, कशानं येणार, सोबत कोण’ हे विचारा. उत्तर देता आलं तर पान धरा. हा फोन दोनदा करायचा, एकदा महिनाभर आधी आणि एकदा चार दिवस आधी. अडीच हजार फोन एक माणूस करू शकत नाही. पण प्रत्येक तुकडीतला एक जण आपले तीस-चाळीस फोन दोन संध्याकाळी करू शकतो.

आता गणित. सर, तुम्ही पुढच्या रांगेत आहात, चुकलं तर थांबवा. शंभर पानांना, जेवणात गोड आणि पुरी असेल तर, सगळा भात मिळून ८ किलो तांदूळ, आमटीला ३ किलो डाळ, भाजीला १० किलो बटाटा, दहा-बारा किलो श्रीखंड, पंधरा लिटर मठ्ठा आणि पुरीला १० किलो कणीक लागते. एका किलोच्या साधारण पन्नास पुऱ्या होतात, म्हणजे माणशी पाच. हे शंभराला झालं. मग कुणीतरी म्हणतं, सोपं आहे, पंचविसानं गुणा.

गुणता येत नाही. ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि घराघरांत पोचलं, माझ्या आईकडेही ते होतं. पण त्यातली मापं घरच्या पातेल्याची आहेत. भांडं मोठं झालं की सगळं बदलतं. मोठ्या टोपात पाण्याची वाफ प्रमाणानं कमी जाते, म्हणून घरच्या हिशोबानं पाणी घातलं तर भाताचा गिचका होतो. तिखट आणि गरम मसाला सरळ गुणून घातला तर लोक डोळे पुसत घरी जातात. मीठ शेवटी चाखूनच वाढवायचं. खालचा जाळ वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे पंचवीस पट भाजीला पंचवीस पट वेळ लागत नसला तरी घरची अर्धी घडीही पुरत नाही.

आणि खरी अडचण जिन्नसांची नसतेच, मिनिटांची असते. आपल्या काही मित्रांची इच्छा आहे की अमृतमहोत्सवाला श्रीखंड आणि गरमागरम पुरी हवी. इच्छा चांगली आहे. अडीच हजार माणसं, माणशी पाच, म्हणजे १२,५०० पुऱ्या. सगळ्यांची जेवणं दीड तासात उरकायची तर मिनिटाला जवळजवळ १४०. मोठ्या कढईतून मिनिटाला पंधरा पुऱ्या निघाल्या असं धरलं तरी नऊ-दहा कढया आणि त्यांच्यामागे लाटणाऱ्या बायका लागतील. शाळेच्या मागच्या व्हरांड्यात एवढा जाळ पेटवायचा आणि शेजारी १९ किलोचे सिलिंडर ओळीनं उभे करायचे, हे मी कुणाला करू देणार नाही. तेव्हा पुरी नाही. जिलेबी, मसालेभात, वांगी-बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा आणि चपाती. जिलेबी पहाटेपासून तळता येते. चपात्या माणशी दोन म्हणजे पाच हजार, वीस बायका पाच तासांत करतात. तासाला पन्नास होतात एका बाईच्या. हा आकडा मला कुणी सांगायला नको. माझी आई कार्यालयांत शेकड्यावर पोळ्या लाटायची आणि मी शाळेतून थेट तिकडे जायचे. तुमच्यापैकी काही जणांच्या घरच्या लग्नातल्या पोळ्या तिच्या हातच्या आहेत.

काय खायचं हे कमिटीत चर्चेनं ठरत नाही, भटारखान्याच्या जागेवरून ठरतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

वाढायचं कसं, यावरून भांडण होणार हे मला माहीत आहे. पंगत की बुफे? मला स्वतःला पंगत आवडते. पंगतीत माणूस बसतो, शेजारच्याशी बोलतो, आणि कुणी आग्रह केला की लाजत का होईना आणखी एक जिलेबी घेतो. पण एका वेळी दोनशे पानं मांडायची जागा असली तरी अडीच हजारांच्या बारा-तेरा पंगती होतात. शेवटची पंगत बसेपर्यंत संध्याकाळ होईल. मग बुफे घ्या, पण तो नीट मांडा. एका रांगेतून मिनिटाला चार माणसं ताट भरून पुढे सरकतात. दीड तासात ३६०. म्हणजे सात रांगा हव्यात, दोन्ही बाजूंनी वाढून घेता येतील अशी चार लांब टेबलं. पाणी आणि मठ्ठा या टेबलांवर ठेवायचाच नाही, तो पन्नास पावलं लांब ठेवायचा. जिथं पाणी तिथं गर्दी थांबते, आणि मागचे म्हणतात जेवण संपलं वाटतं. जेवण संपलं ही अफवा जेवण संपण्यापेक्षा वाईट असते. कारण मग प्रत्येक जण दुप्पट वाढून घेतो, आणि ते खरंच संपतं.

पंगतही ठेवा, एक. शिक्षकांसाठी आणि ज्यांना उभं राहून जेवता येत नाही अशा सगळ्यांसाठी. टेबल-खुर्चीवर. ज्यानं शिकवलं त्यानं ताट हातात घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आपण पुढं उभं राहून सेल्फी काढायचा, हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता बोलून टाकते.

पाण्याचं थोडक्यात सांगते. माणशी दीड लिटर पिण्याचं धरलं तर पावणेचार हजार लिटर होतं, म्हणजे वीस लिटरचे १८८ जार. वापरायच्या पाण्याचा टँकर निराळा. मठ्ठ्यात बर्फ घालायचा असेल तर कुठला ते आधी बघा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, तेव्हा निळसर लादी दिसली की ती भांड्याबाहेर. त्याच वर्षी थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली आणि आमच्याकडे पुन्हा पत्रावळ्या दिसायला लागल्या, हे मला फार बरं वाटलं.

स्वच्छतागृहांवर कुठल्याच कमिटीत कुणी बोलत नाही. पुरुष तर मुळीच नाही. बाराशे बायका येणार. एका स्वच्छतागृहात तासाला वीस जणी जाऊन येतात. चहाच्या सुट्टीत, अर्ध्या तासात तीनशे जणी गेल्या तर तीस स्वच्छतागृहं लागतात. आपल्या शाळेत मुलींसाठी किती आहेत ते आपल्या वर्गातल्या कुठल्याही मुलीला विचारा, तिला अजून आठवत असेल. पुरेशी नसतात म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी चक्कर येऊन बसतात. फिरती स्वच्छतागृहं भाड्यानं मिळतात. फुलांच्या कमानीचे पैसे तिकडे वळवा. त्यात दोन तरी खुर्चीची, उंच बैठकीची हवीत, कारण आपले सर आणि बाई आता उकिडवे बसू शकत नाहीत.

वेळेबद्दल मात्र मला जरा थांबून सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावातल्या समारंभाचं जेवण माझ्याकडे होतं. कुठलं गाव, कुठली संस्था, ते राहू दे. पत्रिकेत जेवणाची वेळ साडेबारा छापली होती. प्रमुख पाहुणे अडीच वाजता आले. तोवर सत्कारमूर्ती व्यासपीठावर बसून होते. त्यात एक निवृत्त शिक्षक होते, मधुमेहाचे. त्यांनी पत्रिकेतली वेळ वाचून बारा वाजता इन्शुलिन घेतलं होतं. शिक्षक माणूस, छापलेल्या वेळेवर विश्वास ठेवणारा. दीडच्या सुमारास त्यांचे हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम सुटला. मंडपात पाचशे माणसं होती आणि कुणाला कळलं नाही, सगळ्यांना वाटलं उकडतंय. माझ्याकडची पाणी वाटणारी पोरगी वर गेली होती. तिचे वडील मधुमेही, तिनं ओळखलं. सर शुद्धीवर होते, म्हणून साखरपाणी पाजता आलं. थोड्या वेळानं सावरले आणि आम्हालाच म्हणाले, माझ्यामुळे तुमचा खोळंबा झाला, माफ करा.

आपल्याही शिक्षकांपैकी बरेच जण सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. किती जणांना साखर आहे ते मी विचारत नाही. पण अमृतमहोत्सवाला मंत्री येवोत, नट येवोत, एक वाजता जेवण म्हणजे एक वाजता जेवण. पाहुणा आला नसेल तर पाहुणा नंतर जेवेल. आणि व्यासपीठावरच्या प्रत्येक खुर्चीपाशी पाण्याबरोबर गुळाचा खडा किंवा दोन बिस्किटं ठेवा. सत्काराच्या शालीपेक्षा ती जास्त उपयोगी पडतील.

उशिराचा दुसरा धोका अन्नाचा. पहाटे चारला शिजलेला भात दोन वाजता वाढला तर तो वासाला चांगला लागतो, चवीला चांगला लागतो, आणि तरी त्यानं माणसं आजारी पडू शकतात. शिजलेलं अन्न चांगलं गरम, साठ अंशांच्या वर, म्हणजे वाफ दिसेल आणि हाताला चटका बसेल इतकं गरम ठेवायचं, नाहीतर दोन तासांत वाढून संपवायचं. कोमट अन्न सगळ्यात वाईट. मोठा टोप झाकून ठेवला की आत तासन् तास कोमटपणा टिकतो, आणि बारीक जिवाणूंना तेच हवं असतं. दुधाच्या पदार्थात तर एकदा विष तयार झालं की पुन्हा उकळूनही ते जात नाही. म्हणून मी भात एकदम शिजवत नाही. टप्प्यानं, दर अर्ध्या तासाला एक टोप उतरतो. भाषणं लांबली तर पुढचा टोप चढवतच नाही. त्यासाठी भटारखान्यात एक माणूस असा हवा, ज्याला व्यासपीठावर काय चाललंय हे फोनवर कळत राहील.

यावरून कामाच्या वाटणीकडे येते. सवाई माधवरावांच्या लग्नासाठी नाना फडणवीसांनी तपशीलवार याद्या करून कोणाकडे कुठलं काम ते नेमून दिलं होतं, असं आपल्याला इतिहासात सांगतात. याच नानांचं नाव बारभाईंत घेतलं जातं, आणि आपण म्हणतो बारभाईची शेती, काय लागेल हाती. गंमतच आहे. पण लग्नाच्या बाबतीत नाना शहाणे होते. ‘भोजन समिती, सदस्य अकरा’ असं लिहू नका. पाणी कुणाचं? एका नावाचं. चपला कुणाच्या? एका नावाच्या. वीज गेली तर जनरेटर कोण सुरू करणार, त्याचं डिझेल कुणी भरलं, ते एका नावाचं. नाव आणि फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस स्टेशनातून आणणाऱ्याचंही नाव लिहा, आणि रात्री दहाला तो बंद करणाऱ्याचंही. दुसरं नाव पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे. गाणी सुरू झाल्यावर बंद करायला कुणी पुढे येत नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी या सगळ्याच्या आधी यायला हवी. ती सांगायची की नाही याचा मी दोन दिवस विचार केला.

दुसऱ्या एका शाळेच्या अशाच मेळाव्याला मी जेवण केलं होतं. मंडपवाल्याचा एक माणूस सकाळपासून खुर्च्या लावत होता. स्टेजवर एकेकाचं नाव पुकारून ओळख करून देणं चाललं होतं, आणि तो भटारखान्याच्या दाराशी चहाचा कप घेऊन उभा होता. नाव पुकारलं की हळूच म्हणायचा, हा माझ्या बाकावर बसायचा. हिचा पहिला नंबर यायचा. याला पोहायला मी शिकवलं विहिरीत. मी विचारलं, “अहो दादा, मग तुम्ही इथं मागं काय करताय?” तर म्हणाला, “ताई, मी नववीतून शाळा सोडली. दहावीची बॅच म्हणतात ना ही. मी कुठं त्यात.” तेवढ्यात पुढून कुणीतरी ओरडलं, अजून चाळीस खुर्च्या लागतील. त्यानं चहा तसाच टेकवला आणि गेला.

म्हणून या महिन्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीनं मी आपल्या वेळचं जनरल रजिस्टर बघितलं. पाचवीत आपण दोन तुकड्या मिळून ११८ जण होतो. दहावीला ८६ बसले. आपल्या ग्रुपवर ७३ आहेत. आज या सभागृहात ६१. म्हणजे पाचवीत आपल्याबरोबर प्रार्थना म्हणणारे ५७ जण आज इथं नाहीत. त्यातले काही देवाघरी गेले, काहींना खरंच जमलं नाही. पण बाकीच्यांना कुणी विचारलंच नाही. मागं राहिलेल्यांत मुली जास्त आहेत. आठवीत लग्न झालेली, आडनाव बदललेली, कधीकधी पहिलं नावही बदललेली. तिला फेसबुकवर कुठल्या नावानं शोधणार? तिला शोधायचं तर तिच्या माहेरच्या गल्लीत जाऊन भावाला, वहिनीला विचारावं लागतं. ते काम फोनवर होत नाही, कुणीतरी चालत जायला हवं. मी आणि आपल्या दोन मैत्रिणींनी नऊ जणी अशा शोधल्या, त्यातल्या चार आज आल्या आहेत. एक मागच्या रांगेत हसते आहे. पुढच्या वर्षी निमंत्रणाची यादी दहावीच्या निकालावरून नको, जनरल रजिस्टरवरून करा. आणि छातीवर लावायच्या पट्टीवर बायकांचं माहेरचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. सासरचं खाली, ज्यांना हवं त्यांनी.

वर्गणीचंही याच्यातच येतं. हजार रुपये म्हणजे तुमच्यापैकी काहींचं एक बाहेरचं जेवण आहे. काहींचे ते तीन-चार दिवसांचे रोज आहेत. ग्रुपवर ‘ज्यांनी अजून भरले नाहीत त्यांची नावं’ अशी यादी टाकली की ती माणसं ग्रुप सोडतात आणि आपण म्हणतो, त्याला शाळेबद्दल काही वाटत नाही. यादी टाकू नका. देणगीदारांचा फलकही लावू नका. पैसे एकाच माणसाकडे जाऊ देत, जो कुणी किती दिले हे घरी बायकोलाही सांगणार नाही. हिशोब मात्र पैन् पै जाहीर करा, जमेची एकूण रक्कम आणि खर्चाची बिलं. मला माहीत आहे, काही मित्रांना हे पटणार नाही, फलक लावला की देणग्या जास्त येतात म्हणतील. येतात. माणसं कमी येतात. आपल्याला काय हवं ते एकदा ठरवा.

उरलेल्या अन्नाची सोय आदल्या दिवशीच लावून ठेवा. वसतिगृह असेल, वृद्धाश्रम असेल, त्यांना आधी विचारा, आणि शेवटचा माणूस जेवायच्या आत गरम असतानाच टोप पाठवा. संध्याकाळी पाचला कोमट मसालेभात देणं हे दान नाही.

हे सगळं लिहून मी संयोजकांकडे दिलं आहे, मापांसकट. जेवणाचं काम मीच घेईन असं कुणी समजू नका. दरपत्रकं तिघांची मागवा, परवाना बघा, आणि त्यांनी केलेल्या एखाद्या कार्यात न सांगता जाऊन भटारखान्याची मोरी बघून या. मोरी बघितली की सगळं कळतं.

आज मी पाहुणी आहे. आजचा स्वयंपाक शाळेच्या मागच्या आळीतल्या बचत गटाच्या बायकांनी केला आहे. मघाशी जाऊन बघितलं, शेवटचा टोप आत्ताच उतरलाय. पावणेएक झाले आहेत आणि पत्रिकेत एक छापलंय. सरांना आणि बाईंना कुणीतरी हात देऊन आधी घेऊन चला. मंडपवाल्यांची दोन पोरं मागं वायर गुंडाळत बसली आहेत, त्यांची पानं याच पंगतीत मांडायला सांगितली आहेत. त्यांनाही हाक मारा.